अजबखान्याचा आरोप

गेल्या पावसाळ्यांत एका सुखवस्तु आणि सुशिक्षित घरीं जेवणानंतर ज्या गप्पा झाल्या, त्या या लेखास कारण झाल्या आहेत. यजमान मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, वाचनाचे शोकी, मराठींतले बरेचसे नवे ग्रंथ विकत घेऊन वाचणारे. म्हणजे या मासिकाचे वाचक जसे असतात तसेच. बोलतां बोलतां गोष्ट गडचिरोलीकडे वळली, आणि आदिवासींच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या मंडळींविषयीं ते थोड्या त्राग्यानेंच म्हणाले, “या लोकांना त्या बिचाऱ्यांना अजबखान्यांत ठेवायचें आहे. आपण शहरांत राहायचें, मुलें परदेशीं धाडायचीं, आणि त्यांनीं मात्र जन्मभर रानांत नाचत बसायचें !” मंडळींनीं माना डोलावल्या. यजमानांच्या मागें भिंतीवर वारली चित्राची एक मोठी चौकट होती. तींत पांढरीं माणसें तारपेवाल्याभोवतीं फेर धरून नाचत होतीं. तिकडे कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं.

त्या वेळीं आम्ही कांहीं बोललों नाहीं. पानसुपारीच्या वेळीं वाद घालूं नये, असे आमचे वडील सांगत असत. परंतु हें वाक्य आम्हीं गेल्या तीस वर्षांत महाविद्यालयाच्या शिक्षकखोलींत, आगगाडींत, लग्नाच्या पंगतींत इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, त्याचा एकदां नीट समाचार घेणें आवश्यक वाटतें.

हा आरोप नवा नाहीं, आणि त्याचें कूळ शोधूं गेल्यास आपण पुण्यालाच येऊन पोंचतों. १९२७ सालीं व्हेरियर एल्विन हा तरुण इंग्रज पाद्री पुण्याच्या ख्रिस्तसेवासंघांत दाखल झाला. पुढें पाद्रीपण सोडून, शामराव हिवाळे या मराठी मित्रासह तो मंडला जिल्ह्यांतल्या गोंड-बैगांमध्यें जाऊन राहिला. ‘द बैगा’ या १९३९ सालच्या ग्रंथांत त्यानें अशी सूचना केली कीं, बैगांसाठीं एक प्रदेश राखून ठेवावा व बाहेरच्यांस तेथें मज्जाव करावा. या प्रदेशास त्यानें ‘राष्ट्रीय उद्यान’ हा शब्द वापरला. शब्द वाईट आणि कल्पना त्याहून वाईट. उद्यानांत जनावरें ठेवतात. ठक्करबाप्पांनीं १९४१ सालीं गोखले अर्थशास्त्र संस्थेंत व्याख्यान देऊन या अलगपणाच्या कल्पनेवर टीका केली, तीं योग्यच होती असें आम्ही समजतों. १९४३ त त्याच संस्थेनें डॉ. घुर्ये यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आदिवासी म्हणजे ‘मागासलेले हिंदू’ होत, त्यांस उरलेल्या समाजांत मिसळून घेणें हाच खरा उपाय होय, असा त्याचा निष्कर्ष होता. अजबखान्याचा आरोप तेव्हांपासून आपल्या विद्वानांच्या जिभेवर रुळला आहे.

एल्विननें पुढें ती कल्पना टाकून दिली. १९५७ सालच्या ग्रंथांत तो आदिवासींचे संग्रहालयी नमुने करण्याच्या उघड विरुद्ध आहे. ज्या गोंड स्त्रीशीं त्यानें १९४० त लग्न केलें, तिला त्यानें कांहीं वर्षांनीं सोडलें, हेंही येथें नमूद करून टाकतों; नाहींतर आम्ही त्याची आरती ओंवाळीत आहों असा कोणाचा समज व्हायचा. आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळेंच आहे. या गाजलेल्या वादांत एका पक्षानें म्हटलें, यांना कुंपणांत ठेवा. दुसऱ्यानें म्हटलें, यांना आपल्यांत विरघळवा. दोघेही ‘यांचें काय करावें’ असाच प्रश्न विचारीत होते. ‘तुमचें काय म्हणणें आहे’ असें बैगाला कोणीं विचारलें नाहीं. १९४६ च्या डिसेंबरांत घटनासमितींत जयपालसिंग मुंडा उभे राहिले आणि त्यांनीं सुनावलें कीं, आदिवासींना लोकशाही शिकवण्याच्या भानगडींत पडूं नका, ती तुम्हींच त्यांच्यापासून शिकावयाची आहे. हें भाषण आमच्या पिढीच्या एकाही क्रमिक पुस्तकांत आम्हीं वाचलें नाहीं. घुर्ये मात्र परीक्षेस होते.

आतां आजच्या कार्यकर्त्यांकडे वळूं. ते मागतात तरी काय ? आम्हीं त्यांच्या सभांना हजेरी लावली आहे, त्यांचीं पत्रकें वाचलीं आहेत. आणि आमचा अनुभव असा कीं, या मंडळींच्या तोंडीं नृत्य, दैवतें, परंपरा हे शब्द फार थोडे असून ‘दावा’, ‘नकाशा’, ‘ठराव’, ‘उतारा’, ‘परवाना’ हे फार. कारण लढा कागदाचा आहे. डिसेंबर २००६ मध्यें संसदेनें वनहक्कांचा कायदा केला. वनांत राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुली त्याच्या प्रास्ताविकांतच दिलेली आहे. आपल्या कायद्यांत अशी कबुली क्वचित् आढळते. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्यास ४ हेक्टरपर्यंत तिचा हक्क मिळावा, गांवानें परंपरेनें राखलेल्या जंगलावर गांवाचा सामूहिक हक्क मान्य व्हावा, आणि दाव्याची पहिली तपासणी ग्रामसभेनें करावी, असें हा कायदा सांगतो. ज्याला अजबखान्यांत राहावयाचें असतें तो जमिनीचा उतारा मागत नाहीं. अजबखान्यांतील वस्तूंच्या नांवावर कांहीं नसतें, त्याच दुसऱ्याच्या नांवावर असतात.

उदाहरणादाखल गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) हें गोंडांचें लहानसें गांव घेऊं. दिल्ली-मुंबईंत आमचें सरकार असलें तरी आमच्या गांवांत आम्हीच सरकार, ही या गांवाची घोषणा आतां पुष्कळांस ठाऊक झाली आहे. मोहन हिराबाई हिरालाल हे कार्यकर्ते तेथें बाहेरून आले. त्यांच्या कामाचें मुख्य अंग म्हणजे अभ्यासमंडळ: कायदा काय, नकाशा कसा वाचावा, जंगलांत किती बांबू आहे, यांवर गांवकऱ्यांच्या बरोबरीनें बसून चर्चा करावयाची. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही बहुमतानें नव्हे तर सर्वसंमतीनें. देवाजी तोफा यांच्यासारखे गांवचे लोक या अभ्यासांतून असे तयार झाले कीं, वकिलांनींही त्यांच्याशीं जपून बोलावें. एकदां गांवानें आपला घोटुल बांधण्यास जंगलांतलें सागवान आणलें, तेव्हां वनखात्यानें तो घोटुल पाडला. परिणाम इतकाच झाला कीं, आसपासच्या गांवांनींही आपापले घोटुल पुन्हा उभारले. २००९ सालीं मेंढ्याला सुमारें १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशांतल्या पहिल्या दोन गांवांपैकीं तें एक.

गोष्ट येथें संपावयास हवी होती. पण हक्क मिळाला तरी गांवाला आपला बांबू विकतां येईना. कारण तो गांवाबाहेर नेण्यास वाहतुकीचा परवाना लागतो, आणि परवान्याची वही वनखात्याच्या हातीं. आतां बांबू हें गवत आहे, असें वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. परंतु १९२७ च्या वनकायद्यांत ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येंत बांबू घातलेला. आणि झाड म्हटलें कीं तें खात्याचें. २००६ च्या कायद्यानें बांबूची गणना गौण वनोपजांत स्पष्ट शब्दांनीं केली होती, तरी खात्याचा बांबू झाडाचें गवत होईना ! हा वाद एक-दोन वर्षें चालला. शेवटीं २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश व राज्याचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हे दोघे स्वतः त्या गांवीं गेले, तेव्हां कोठें परवान्याची वही ग्रामसभेच्या हातीं पडली. एका गांवाला स्वतःचें गवत विकतां यावें म्हणून दोन मंत्री लागले. वनांबाहेर वाढलेला बांबू ‘झाडां’तून वगळण्यास तर २०१७ साल उजाडावें लागलें.

याच जिल्ह्यांतला बांबू दशकानुदशकें कागदगिरणीला भाडेपट्ट्यानें जात होता. मराठी वाङ्मय ज्या कागदावर छापलें गेलें, त्यांतला कांहीं कागद या बांबूचा असला पाहिजे. ‘निसर्गाच्या कुशींत’ यासारख्या मथळ्याचे आमचे कित्येक ललितनिबंध त्यावरच छापले गेले असतील. असो.

येथें कोणी म्हणेल, हक्क ठीक आहेत, पण जंगलाचें काय ? दावे भरमसाट येतात, झाडें तोडून जमिनी काढल्या जातात. यांत कांहीं तथ्य आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. खोटे दावे झाले आहेत, ठरलेल्या तारखेनंतरचीं अतिक्रमणेंही झालीं आहेत, आणि त्यांच्या मागें कधीं कधीं बिगर-आदिवासी सावकार किंवा पुढारी उभा असतो. पण जंगल गेलें तें मुख्यत्वें कोणाच्या हातून ? १८७८ च्या कायद्यानें इंग्रजांनीं गांवांचीं रानें ‘राखीव’ केलीं, तीं आगगाडीच्या रुळांखालच्या लांकडांसाठीं, जहाजांसाठीं व महसुलासाठीं. स्वराज्यांत धरणें, खाणी व गिरण्या आल्या. आजही नकाशा पसरून पाहिला तर दाट रान जेथें उरलें आहे तेथेंच आदिवासी गांवें सांपडतात. हा योगायोग आहे असें म्हणावयास फार धाडस पाहिजे.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा आदेश दिला कीं, ज्यांचे दावे फेटाळले गेले आहेत त्यांस जंगलांतून काढावें. फेटाळलेल्या दाव्यांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. २८ फेब्रुवारीस न्यायालयानें स्वतःच हा आदेश स्थगित केला. कित्येक दावे रीतसर चौकशीशिवाय फेटाळले गेले असावेत, असें केंद्र सरकारनेंच त्यास सांगितलें होतें. त्या पंधरवड्यांत आमच्या ओळखीच्या सुशिक्षित घरांत या विषयावर एक शब्दही झाला नाहीं. एकाद्या गृहनिर्माण संस्थेचा जुना दाखला गहाळ झाला तर आमच्या वर्गांतील माणसाची झोंप उडते. आणि ज्याच्या आजानें कधीं कागद पाहिला नाहीं, त्यानें मात्र आजाच्या वहिवाटीचा पुरावा मुदतींत आणून द्यावा, ही अपेक्षा आम्हांस रास्त वाटते!

ज्ञानाच्या बाबतींत तर आमचा न्याय आणखी मौजेचा आहे. अमेरिकेंत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ सालीं पेटंट दिलें गेलें. डॉ. माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक परिषदेनें तें आव्हान देऊन १९९७ त रद्द करविलें, तेव्हां आम्हां सर्वांची छाती फुगली, आणि ती फुगावी हें योग्यच. आमच्या आजीचें ज्ञान परक्यानें चोरलें होतें. पण त्याच सुमारास केरळांत काय घडलें होतें ? १९८७ सालीं अगस्त्य डोंगरांत गेलेल्या शास्त्रज्ञांना असें दिसलें कीं, बरोबरचे काणी जमातीचे वाटाडे एक रानफळ चघळीत न थकतां चढतात. प्रथम त्यांनीं त्या वनस्पतीचें नांव सांगितलें नाहीं. पुढें विश्वास बसल्यावर सांगितलें. तिच्यापासून ‘जीवनी’ नांवाचें शक्तिवर्धक औषध तयार झालें, आणि डॉ. पुष्पांगदन यांच्या पुढाकारानें असें ठरलें कीं, औषध बनविणाऱ्या कंपनीकडून मिळणारे दहा लाख रुपये व विक्रीवरील दोन टक्के यांचा अर्धा वांटा काणींना मिळावा. १९९७ सालीं त्यासाठीं काणींचा विश्वस्तनिधि स्थापन झाला. जगांत या उदाहरणाचा गौरव झाला. येथें मात्र तीच वनस्पति गोळा करण्यास आणि लावण्यास काणींनाच वनखात्याची आडकाठी झाली. औषधाचें गुपित त्यांचें, पानें सरकारचीं ! जो देश हळदीसाठीं सातासमुद्रांपलीकडे जाऊन भांडतो, त्या देशांतल्या किती वाचकांस काणी हें नांव ठाऊक आहे ? आजी आमची असली तर ती चोरी, आणि त्यांची असली तर तें ‘संशोधन’.

यजमानांच्या भिंतीवरच्या चित्राकडे आतां येतों. वारली चित्र हें मुळांत भिंतीवर टांगावयाचें चित्रच नव्हे. लग्नाच्या वेळीं सुवासिनी गेरूनें सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. त्यांत पालघट देवी बसते. धवलेरी गाणीं म्हणते. चौकावांचून लग्न लागत नाहीं. म्हणजे तें एका विधीचें अंग आहे, आणि तें बायकांचें. सत्तरीच्या दशकाच्या आरंभीं भास्कर कुलकर्णी या चित्रकारानें तें बाहेरच्या जगाच्या नजरेस आणलें; जिव्या सोमा म्हसे यांनीं त्यास कुडावरून कागदावर नेऊन स्वतःची स्वतंत्र कला उभी केली व २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. हें सर्व चांगलेंच झालें. परंतु पुढें त्या आकृत्या चहाच्या पेल्यांवर, पडद्यांवर, विमानतळांवर आणि लग्नपत्रिकांवर गेल्या, आणि काढणाऱ्याचें नांव मागें राहिलें. २०१४ सालीं या कलेस भौगोलिक मानांकन मिळालें, तें मिळविण्यासाठीं खटपट केली ती डहाणूकडच्या आदिवासी तरुणांनींच. आमच्या घरींही असें एक चित्र आहे. हा लेख लिहितांना त्याच्या खरेदीची पावती शोधून काढली. तींत लिहिलें आहे, ‘शोभेची वस्तु, नग १’. अजबखान्यांत निदान वस्तु कोठून आली याची चिठ्ठी लावतात.

सर्वांत नाजुक गोष्ट शाळेची. मातृभाषेंतून शिक्षण द्यावें असें आम्ही मराठीचे प्राध्यापक आणि लेखक शंभर वर्षें सांगत आलों. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हां आम्हीं पेढे वांटले. आतां गोंडीकडे पाहा. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें गोंडी बोलणारे सुमारें ३० लाख. संस्कृत मातृभाषा म्हणून सांगणारे पंचवीस हजारांच्या आंत. संस्कृत घटनेच्या आठव्या परिशिष्टांत आहे, गोंडी नाहीं. आम्ही संस्कृताचे भक्त आहों व तिच्या मानांतून तसूभरही कमी व्हावें असें आम्हांस वाटत नाहीं; पण ३० लाख माणसांची भाषा दाराबाहेर कां, याचें उत्तर आमच्यापाशीं नाहीं. त्याच धानोरा तालुक्यांत मोहगांवच्या ग्रामसभेनें २०१९ सालीं गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली. शिक्षणखात्यानें ती अनधिकृत ठरवून दंडाची तंबी दिली, आणि प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें. मराठी शाळा बंद पडतात म्हणून अश्रु ढाळणाऱ्या आमच्या साहित्यसंस्थांपैकीं कोणीं या शाळेच्या बाजूनें आवाज चढविल्याचें आमच्या कानांवर नाहीं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं कोसबाडच्या टेकडीवर ‘कुरणशाळा’ काढली होती. मुलें गुरें सोडून शाळेंत येत नाहींत, तर शाळाच कुरणावर जाईल, असा तो सरळ विचार. त्या दोघींस आम्ही वंदन करतों आणि पुढचें पाऊल जेव्हां गांव आपण होऊन टाकतें तेव्हां त्यास दंडाची नोटीस जाते.

कार्यकर्त्यांचे दोष नाहींत असें नव्हे. कांहींजण आदिवासींना बोलूं देण्याऐवजीं त्यांच्या वतीनें इतकें बोलतात कीं, त्यांस ऐकूं येणें बंद होतें. कांहींजणांस आदिवासी समाजांतले दारू, भुताळी ठरविलेल्या बायांचा छळ हे प्रश्न काढलेले खपत नाहींत. जणूं हक्क मिळण्यासाठीं माणसानें आधीं निर्दोष असलें पाहिजे. पण उलट उदाहरणेंही डोळ्यांसमोर आहेत. ठाणें जिल्ह्यांतल्या वारल्यांच्या वेठीचें व लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं जन्मभर राबणाऱ्या ‘लग्नगड्यां’चें वर्णन १९३९ सालच्या सिमिंग्टन यांच्या सरकारी अहवालांत आलेलें होतें. अहवाल कपाटांत गेला. पुण्यांत वाढलेल्या, वकिलीची परीक्षा दिलेल्या गोदावरी परुळेकर १९४५ त तेथें गेल्या, तेव्हां वेठ बंद झाली. पण त्याच साली १० ऑक्टोबरास तलवाड्यास जमावावर गोळीबार होऊन पांच वारली मेले. ‘जेव्हां माणूस जागा होतो’ हें त्यांचें पुस्तक आमच्या यजमानांच्या कपाटांतही आहे. त्यांत अजबखान्याची कल्पना कोणत्या पानावर आहे, तें त्यांनीं दाखवावें.

हें सर्व आम्हीं पुढें एके दिवशीं यजमानांस सविस्तर बोलून दाखविलें. ते सज्जन आहेत, त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “मग आमच्यासारख्यांनीं करायचें तरी काय?” त्यांचें कर्जतच्या बाजूस डोंगराच्या कडेला एक टुमदार शेतघर आहे, आम्ही तेथें दोनदां पाहुणचार घेतला आहे आणि तेथल्या आंब्यांची चव अद्याप जिभेवर आहे. आम्ही म्हणालों, आदिवासींची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून दुसऱ्याच्या नांवें जाऊं नये, असा कायदा या राज्यांत १९७४ पासून कडक झालेला आहे. आपल्या शेतघराच्या सातबाऱ्यावरचे जुने फेरफार तलाठ्याकडून एकदां काढून आणावे, आणि आपल्या आधीं, त्यांच्या आधीं, त्यांच्याही आधीं तेथें कोण्या ठाकराचें नांव होतें का, तें वाचून पाहावें. ते “पाहूं” म्हणाले. या गोष्टीस आतां पांच महिने झाले. या वर्षीं आंब्यांची पेटी आली नाहीं.